राजवाड्याच्या भूमीवरील विद्यापीठ : र्‍युक्यू विद्यापीठाच्या जडणघडणीचा इतिहास

प्रस्तावना

विद्यापीठांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा स्थापनेचा कायदा, पहिले कुलगुरू, विद्याशाखांची वाढ आणि विद्यार्थिसंख्या यांची तपशीलवार नोंद केली जाते. विद्यापीठ ज्या जमिनीवर उभे राहिले त्या जमिनीची हकीकत मात्र बहुधा एखाद्या वाक्यात आटोपते. अमुक संस्थानिकांनी जागा दिली, तमुक वाड्यात पहिले वर्ग भरले, एवढाच उल्लेख पुरेसा मानला जातो. जपानच्या नैर्ऋत्येकडील ओकिनावा बेटावर स्थापन झालेल्या र्‍युक्यू विद्यापीठाच्या बाबतीत असा संक्षेप करता येत नाही. २२ मे १९५० रोजी हे विद्यापीठ शुरी येथील राजवाड्याच्या जागेवर सुरू झाले. ही जागा कोणा राजाने दान दिलेली नव्हती. राजघराणे एकाहत्तर वर्षांपूर्वीच पदच्युत झाले होते, राजवाडा पाच वर्षांपूर्वी तोफांच्या मार्‍यात जळाला होता आणि बेटावरील जमिनीविषयीचा अखेरचा शब्द अमेरिकी लष्करी प्रशासनाचा होता.

जागा व पैसा देणारी सत्ता विद्यापीठाकडून काय अपेक्षिते आणि विद्यापीठाला ती अपेक्षा कितपत नाकारता येते, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने र्‍युक्यू विद्यापीठाच्या वाटचालीचा विचार केला आहे.

शुरीचा राजवाडा

ओकिनावा बेटावर चौदाव्या शतकात तीन लहान राज्ये होती. शो हाशी याने १४२९ मध्ये ती एका सत्तेखाली आणली आणि शुरी ही र्‍युक्यू राज्याची राजधानी झाली. राज्य आकाराने लहान व शेतीच्या दृष्टीने गरीब होते. परंतु चीन, कोरिया, जपान आणि आग्नेय आशियातील बंदरे यांच्या मध्यावर असल्यामुळे व्यापारावर ते समृद्ध झाले. १४५८ मध्ये राजवाड्यासाठी ओतलेल्या मोठ्या घंटेवरील लेखात, र्‍युक्यूची जहाजे ही राष्ट्राराष्ट्रांना जोडणारा पूल आहेत, अशा आशयाची कल्पना कोरलेली आहे.

१६०९ मध्ये जपानमधील सात्सुमा या सरंजामी राज्याने र्‍युक्यूवर स्वारी केली. त्यानंतरच्या सुमारे पावणेतीनशे वर्षांत र्‍युक्यूचा राजा चीनच्या सम्राटाला खंडणी पाठवीत असे आणि त्याच वेळी सात्सुमाचेही वर्चस्व मानीत असे. हे दुहेरी अवलंबित्व राजवाड्याच्या रचनेतही उमटलेले होते. मुख्य प्रासादासमोरील प्रांगणाच्या उत्तरेचे दालन चिनी राजदूतांच्या स्वागतासाठी, तर दक्षिणेचे दालन सात्सुमाच्या अधिकार्‍यांसाठी वापरले जाई. दोन सत्तांना एकाच अंगणात सांभाळून घेण्याची ही कला त्या राज्याच्या टिकून राहण्याचे खरे कारण होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८७९ मध्ये मेइजी शासनाने र्‍युक्यू राज्य खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत बनवला. अखेरचा राजा शो ताइ याला राजवाडा सोडून टोकियोस जावे लागले. १९०१ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. रिकाम्या राजवाड्यात प्रथम जपानी सैन्याची तुकडी राहिली, नंतर काही भागांत शाळा भरू लागल्या. डागडुजीअभावी इमारती खचत गेल्या आणि १९२० च्या दशकाच्या प्रारंभी मुख्य प्रासाद पाडून टाकण्याचे ठरले. वास्तुविद् इतो चुता आणि ओकिनावाच्या कलांचे अभ्यासक कामाकुरा योशितारो यांच्या प्रयत्नांमुळे ते टळले. मात्र राजवाडा वाचला तो राजवाडा म्हणून नव्हे. १९२५ मध्ये त्याला संरक्षण मिळाले ते शिंतो देवस्थानाचे उपासनागृह या नात्याने. राज्य नष्ट करणार्‍या शासनाने वास्तू जपली, पण तिची ओळख बदलून जपली. या जागेच्या बाबतीत पुढेही असेच घडत गेले.

दुसर्‍या महायुद्धात जपानच्या बत्तिसाव्या सेनेने आपले मुख्यालय याच टेकडीच्या पोटात भुयारे खणून थाटले. त्यामुळे राजवाडा अमेरिकी तोफांचे लक्ष्य होणे अटळ झाले. मे १९४५ च्या अखेरीस युद्धनौकांचा व जमिनीवरील तोफांचा भडिमार होऊन सर्व इमारती भस्मसात झाल्या. ओकिनावाच्या लढाईत बेटाच्या मूळ रहिवाशांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक मृत्युमुखी पडले. एन्काकुजी हे राजघराण्याचे पंधराव्या शतकातील मंदिर राजवाड्याला लागूनच होते. तेही उरले नाही.

विद्यापीठाची मागणी आणि स्थापना

युद्धापूर्वी ओकिनावात एकही विद्यापीठ नव्हते. उच्च शिक्षण घेऊ इच्छिणार्‍या तरुणाला समुद्र ओलांडून जपानच्या मुख्य बेटांवर जावे लागे. १९४५ नंतर तोही मार्ग जवळजवळ बंद झाला, कारण ओकिनावा अमेरिकी लष्करी शासनाखाली गेले आणि जपानला जाण्यासाठी प्रवासाचे परवाने आवश्यक झाले. शाळा तंबूंत किंवा उघड्यावर भरत होत्या. असंख्य शिक्षक युद्धात मारले गेले होते. जानेवारी १९४६ मध्ये शिक्षक घडवण्यासाठी एक आणि दुभाषे घडवण्यासाठी एक अशा दोन संस्था घाईघाईने उघडण्यात आल्या. पुढे त्या विद्यापीठात विलीन झाल्या.

विद्यापीठ हवे ही मागणी केवळ बेटावरूनच आली असे नाही. हवाई बेटांवर मजुरीसाठी गेलेल्या ओकिनावी स्थलांतरितांनी ती आग्रहाने मांडली. याच मंडळींनी १९४८ मध्ये वर्गणी काढून ५५० डुकरे जहाजाने मायभूमीला पाठवली होती, कारण युद्धात बेटावरील पशुधन नाहीसे झाले होते. अन्न आणि उच्च शिक्षण या दोन गरजा त्यांना एकाच वेळी निकडीच्या वाटल्या, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकी लष्करानेच हे विद्यापीठ निर्माण केले, असे सरसकट विधान केले जाते. ते त्यामुळे अर्धेच खरे ठरते. लष्कराने निर्णय घेतला, जागा ठरवली, साहित्य पुरवले; इच्छा मात्र लोकांची होती.

१९५० मध्ये विद्यापीठ सुरू झाले तेव्हा इंग्रजी, शिक्षणशास्त्र, सामाजिक शास्त्रे, विज्ञान, कृषी आणि उपयोजित कला असे सहा विभाग होते. विद्यार्थी ५६२ आणि कर्मचारी ४४ होते. पहिले अध्यक्ष (हे पद भारतातील कुलगुरूपदाशी समकक्ष मानता येईल) म्हणून शिकिया कोशिन यांची नेमणूक झाली. ते त्यापूर्वी ओकिनावाच्या नागरी प्रशासनाचे प्रमुख होते. स्थापनेचा औपचारिक समारंभ १२ फेब्रुवारी १९५१ रोजी झाला. हा अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस. र्‍युक्यूच्या राजांच्या टेकडीवरील समारंभासाठी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची जयंती निवडली जावी, यातून संस्थापकांची दृष्टी पुरेशी स्पष्ट होते. विभागांच्या यादीत इंग्रजीला स्वतंत्र व मानाचे स्थान मिळणे हेही त्याच दृष्टीशी सुसंगत होते.

राजप्रासादाच्या जागी आणि त्याच्या भोवती व्याख्यानगृहे, ग्रंथालय व वसतिगृहे उभी राहिली. एन्काकुजी मंदिराच्या आवाराचा काही भाग क्रीडांगण झाला. जागा सपाट करताना उरल्यासुरल्या अवशेषांवर मातीची भर पडली. राजवाड्याच्या तटबंदीची किंमत त्या वेळी कोणाला कळत नव्हती असे नाही. परंतु डोक्यावर छप्पर नसलेल्या समाजाला अवशेषांची काळजी वाहण्याइतकी उसंत नव्हती. त्या काळाच्या निर्णयाकडे आजच्या वारसाजतनाच्या निकषांवरून पाहणे न्याय्य ठरत नाही.

मिशिगनचा आदर्श

१९५१ पासून अमेरिकेतील मिशिगन स्टेट कॉलेज (नंतरचे मिशिगन स्टेट विद्यापीठ) या संस्थेकडे र्‍युक्यू विद्यापीठाच्या मार्गदर्शनाचे काम सोपवण्यात आले. तेथील प्राध्यापक शुरीत येऊन राहत व अभ्यासक्रम, प्रशासन, ग्रंथालय, शेतीविस्तार, गृहविज्ञान अशा विषयांत सल्ला देत. हे सहकार्य १९६८ पर्यंत चालले. मिशिगनची निवड योगायोगाची नव्हती. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्र शासनाच्या जमिनी राज्यांना देऊन, त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभारण्याची पद्धत रूढ झाली. १८५५ मध्ये स्थापन झालेली मिशिगनची संस्था या परंपरेतील अग्रणी होती. अध्यापन, संशोधन आणि लोकांपर्यंत पोहोचणारे विस्तारकार्य हे या पद्धतीचे तीन पाय मानले जातात.

भारतीय प्राध्यापकांना ही पद्धत अपरिचित नाही. १९६० मध्ये पंतनगर येथे स्थापन झालेले देशातील पहिले कृषी विद्यापीठ याच धर्तीवर, इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने आकारास आले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले तेही याच विचारधारेतून. परंतु दोन्हीकडील परिस्थितीत मूलभूत अंतर होते. भारतातील विद्यापीठे लोकांनी निवडलेल्या विधिमंडळांच्या कायद्याने जन्माला आली. परदेशी सल्लागार पाहुणे म्हणून आले आणि परत गेले. शुरीमध्ये सल्लागार ज्या देशाचे, त्याच देशाचे सैन्य बेटावर राज्य करीत होते. सल्ला आणि आज्ञा यांतील रेषा अशा ठिकाणी पुसट होते.

तरीही या सहकार्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. युद्धाने रिकाम्या झालेल्या शाळांना प्रशिक्षित शिक्षक मिळू लागले, प्रशासनाला स्थानिक अधिकारी मिळाले. याशिवाय लष्करी प्रशासनाच्या शिष्यवृत्त्यांवर एक हजाराहून अधिक ओकिनावी तरुण अमेरिकेत शिकून आले. त्यांच्याकडून अमेरिकेविषयी सद्भावनेची अपेक्षा होती. ती सर्वांनी पूर्ण केली नाही आणि विद्यापीठाच्या पहिल्या दशकातच याचा प्रत्यय आला.

निष्कासनाची दोन प्रकरणे

१९५३ मध्ये चार विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. परवानगी न घेता नियतकालिक प्रसिद्ध करणे आणि अणुबॉम्बच्या संहाराचे प्रदर्शन भरवणे या कारणांवरून त्यांच्याविरुद्ध आधी शिस्तभंगाची कारवाई झाली. ही तक्रार त्यांनी कामगार दिनाच्या सभेत जाहीरपणे मांडली, तेव्हा त्यांचे निष्कासन झाले. ज्या टेकडीवर काही वर्षांपूर्वी सहस्रावधी माणसे बॉम्बगोळ्यांनी मेली होती, तेथे बॉम्बच्या परिणामांची चित्रे दाखवणे हा अपराध ठरला.

त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी ‘र्‍युदाइ बुंगाकु’ (र्‍युक्यू विद्यापीठ साहित्य) हे नियतकालिक सुरू केले. आराकावा आकिरा, कावामित्सु शिनइची यांसारखे पुढे ओकिनावाच्या वैचारिक जीवनात नावारूपास आलेले लेखक या वर्तुळातले. लष्करी अमलाखालील जीवनाविषयी त्यात जे लिहिले जाई ते प्रशासनाला रुचणारे नव्हते. १९५६ मध्ये त्याचा अंक मागे घेण्यात येऊन प्रकाशन काही काळ थांबवण्यात आले.

१९५६ चे प्रकरण अधिक गंभीर होते आणि त्याच्या मुळाशी जमीनच होती. १९५० च्या दशकात लष्करी तळांच्या विस्तारासाठी ओकिनावातील शेतकर्‍यांच्या जमिनी बळाने घेतल्या जात होत्या. भाताची खाचरे आणि वस्त्या यांवरून बुलडोझर फिरत होते. भाडे अत्यल्प होते. जमीनमालकांच्या तक्रारींची पाहणी करण्यासाठी अमेरिकी प्रतिनिधिगृहाची एक उपसमिती मेल्व्हिन प्राइस यांच्या नेतृत्वाखाली बेटावर आली. जून १९५६ मध्ये तिच्या अहवालाचा आशय कळला. त्यात लष्कराच्या दीर्घकालीन ताब्याचे आणि एकरकमी मोबदल्याच्या धोरणाचे समर्थन होते. एकरकमी मोबदला म्हणजे जमीन कायमची गेली, असा अर्थ लोकांनी काढला. गावोगावी सभा झाल्या. बेटाच्या इतिहासात हे आंदोलन ‘अवघ्या बेटाचा लढा’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाते.

विद्यार्थी त्यात उतरले हे स्वाभाविक होते. त्यांतील अनेकांच्या घरचीच शेते तारेच्या कुंपणाआड गेली होती. जुलैअखेरच्या मोर्चात अमेरिकाविरोधी घोषणा दिल्या गेल्या. प्रशासनाने कठोर कारवाईची मागणी केली आणि विद्यापीठाचे आर्थिक साहाय्य थांबवण्याची भूमिका घेतली. विद्यापीठाने प्रारंभी सौम्य उपाय योजून प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न केला, पण तो मान्य झाला नाही. अखेर ऑगस्ट १९५६ मध्ये सहा विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले व एकावर निलंबनाची कारवाई झाली. सात विद्यार्थ्यांचे भवितव्य की संपूर्ण संस्थेचे अस्तित्व, असा पेच विद्यापीठाच्या चालकांपुढे उभा करण्यात आला होता. त्यांनी संस्था निवडली. या निवडीचा निषेध करणे सोपे आहे. परंतु पर्यायी उत्पन्नाचा स्रोत नसलेल्या, सहा वर्षांच्या विद्यापीठाला दुसरा कोणता मार्ग मोकळा होता, याचे उत्तर निषेध करणार्‍यानेही द्यावयास हवे. स्वायत्तता ही केवळ अधिनियमातील कलमांनी सिद्ध होत नाही. अनुदान रोखण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या मर्यादशील वागण्यावर ती अवलंबून राहते.

याच काळात शुरीच्या व्याख्यानगृहांत ओता मासाहिदे हे तरुण अध्यापक रुजू झाले. १९४५ मध्ये ते शुरीच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेतील विद्यार्थी असताना सैन्याच्या सेवेत ओढले गेले होते आणि राजवाड्याखालील मुख्यालयाशी संलग्न अशा विद्यार्थी-तुकडीत होते. युद्धानंतर टोकियोतील वासेदा आणि अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात शिकून ते परतले व ज्या टेकडीच्या पोटात त्यांनी लढाई अनुभवली होती तिच्याच माथ्यावर अध्यापन करू लागले. ओकिनावाच्या लढाईचा व बेटाच्या समाजजीवनाचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. १९९० ते १९९८ या काळात ते ओकिनावाचे राज्यपाल होते. तेथील राज्यपाल लोकनिर्वाचित असतो. लष्करी तळांसाठी खासगी जमिनींचे भाडेकरार सक्तीने वाढवण्याच्या कागदपत्रांवर स्वाक्षरी करण्यास १९९५ मध्ये त्यांनी नकार दिला. लष्कराने स्थापन केलेल्या विद्यापीठातील प्राध्यापकाने लष्करी तळांच्या जमिनीचा प्रश्न असा पुढे आणावा, हे संस्थापकांच्या अपेक्षेत बसणारे नव्हते. विद्यापीठ कोणी व कशासाठी स्थापले यावरून तेथे काय निपजेल याचा निर्णय होत नाही, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

टेकडीवरून स्थलांतर

१९६६ मध्ये विद्यापीठ र्‍युक्यू शासनाच्या अखत्यारीत आले आणि १५ मे १९७२ रोजी ओकिनावा जपानकडे परत गेल्यावर ते जपानचे राष्ट्रीय विद्यापीठ झाले. तोवर विद्यार्थिसंख्या वाढून टेकडीवरील जागा अपुरी पडू लागली होती. दुसरीकडे राजवाडा पुन्हा उभारावा ही भावना बळावत होती. शुरेइमोन हे प्रसिद्ध प्रवेशद्वार १९५८ मध्येच लोकांनी पुनर्बांधणी करून उभे केले होते. पण त्यातून आत जावे तो समोर राजवाड्याऐवजी विद्यापीठ. १९७२ मध्ये राजवाड्याच्या अवशेषांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि १९७३ मध्ये पुनर्बांधणीसाठी लोकांची संघटना स्थापन झाली. एकाच समाजाच्या दोन रास्त गरजा एकाच जागेवर हक्क सांगत होत्या. येथे कोणी खलनायक नव्हता.

१९७७ पासून विद्यापीठ टप्प्याटप्प्याने सेनबारू येथील नव्या परिसरात हलवण्यात आले. हे काम १९८४ पर्यंत चालले. नवा परिसर निशिहारा, नाकागुसुकु आणि गिनोवान या तीन स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हद्दींत पसरलेला आहे. शुरीच्या टेकडीवर शिकलेल्या पिढीसाठी मात्र राजवाड्याचे पुनरुज्जीवन म्हणजे आपल्या महाविद्यालयीन दिवसांच्या सर्व खुणा पुसल्या जाणे होते. राजवाड्याच्या इतिहासात या चौतीस वर्षांना फारसे स्थान दिले जात नाही, ही उणीव नोंदवणे आवश्यक आहे.

विद्यापीठाच्या इमारती हटल्यावर उत्खनन झाले आणि एकावर एक रचलेले प्रासादाच्या पायांचे थर उघडे पडले. अठराव्या शतकातील मोजमापांच्या नोंदी, युद्धपूर्व दुरुस्तीच्या वेळचे नकाशे, जुनी छायाचित्रे आणि कामाकुरा यांची टिपणे यांच्या आधारे मुख्य प्रासाद नव्याने बांधण्यात आला. ३ नोव्हेंबर १९९२ रोजी तो जनतेसाठी खुला झाला. २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत शुरीचा समावेश झाला तो जुन्या अवशेषांसाठी, नव्या इमारतींसाठी नव्हे. ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे लागलेल्या आगीत हा प्रासाद व लगतची दालने जळाली. प्रासादाच्या पुनर्बांधणीस नोव्हेंबर २०२२ मध्ये आरंभ झाला आणि ती २०२६ मध्ये पूर्ण करण्याचे नियोजन करण्यात आले.

स्थलांतरानंतरही जुन्या जागेचा हिशेब संपला नव्हता. २००७ मध्ये, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी, विद्यापीठाने १९५६ ची कारवाई रद्द केली आणि संबंधितांची क्षमा मागितली. ज्यांनी तारुण्यात शिक्षण गमावले ते तेव्हा सत्तरी ओलांडलेले किंवा तिच्या आसपास पोहोचलेले होते. १९५३ च्या चार विद्यार्थ्यांचा त्या निर्णयात समावेश नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठाचे रुग्णालय गिनोवान शहराच्या हद्दीतील नव्या परिसरात हलले आणि त्याच वर्षी वैद्यकशाखाही तेथे गेली. निशी-फुतेन्मा या नावाने ओळखली जाणारी ही जमीन अनेक दशके अमेरिकी लष्कराच्या निवासी वसाहतीखाली होती; ३१ मार्च २०१५ रोजी ती परत मिळाली.